परांचीवरून पडलेला कामगार कोणाचा?

प्रश्न : मी नाशिकचा छोटा रंगकाम कंत्राटदार. ऑगस्ट 2025 मध्ये एका सोसायटीचं बाहेरचं रंगकाम सुरू असताना 30 वर्षांचा कामगार परांचीवरून पडून वारला. त्याला माझ्या मुकादमाने आणलं होतं, रोज 700 रुपये. सुरक्षा पट्टा दिला होता, त्याने लावला नव्हता. मी त्याच्या बायकोला 2 लाख दिले आणि ‘यापुढे काही मागणी नाही’ असं स्टँपवर लिहून घेतलं. आता तिच्या वकिलाची नोटीस आली आहे. विमा कंपनी म्हणते, पॉलिसी सहा माणसांची, साइटवर नऊ होती, आणि हा तर तुमचा माणूसच नव्हे. काय करू?

उत्तर : तो स्टँप पेपर आधी बाजूला ठेवा. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्यात मुळातच रद्दबातल आहे. शिवाय मृत्यूची भरपाई वारसांच्या हातात द्यायची नसते, ती भरपाई आयुक्तांकडे जमा करायची असते. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी हे काम कामगार न्यायालयातच चालतं. तुमच्या 2 लाखांपैकी तीन महिन्यांच्या मजुरीइतकीच रक्कम आगाऊ म्हणून वजा मागता येईल. उरलेल्या पैशांचं श्रेय कायदा देत नाही. माणुसकीने दिलेत, पण चुकीच्या दारात.

21 नोव्हेंबर 2025 पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. तुमचा अपघात त्याआधीचा, म्हणून 1923 चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदाच लागतो. महिन्याची मजुरी 26 दिवसांची धरली तर 18,200 होते, पण हिशेबाला कमाल 15,000 च धरतात. त्याचे निम्मे 7,500. वय 30 ला कायद्याच्या तक्त्यातला गुणक 207.98. म्हणजे 15,59,850 रुपये. भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते. महिन्याभरात भरली नाही तर द.सा.द.शे. 12 टक्के व्याज, म्हणजे दर महिन्याला साधारण 15,600 रुपये, आणि सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड.

पट्ट्याचा बचाव इथे चालत नाही. सुरक्षेचं साधन मुद्दाम टाळलं किंवा कामगार दारू प्यायला होता, हे मुद्दे दुखापतीत ऐकले जातात, मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर नाही. (पोलिसांनी निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला असेल तर ते प्रकरण वेगळं, तिथे पट्टा दिल्याचा पुरावा कामी येईल.)

‘माणूस मुकादमाचा’ हेही वारसांपुढे चालणार नाही. रंगकाम हा तुमचा धंदा, त्याच धंद्याचं काम तुम्ही मुकादमाला दिलंत, म्हणून मुख्य मालक तुम्हीच. सोसायटीचा काही रंगकामाचा धंदा नाही, तिच्याकडे बोट दाखवून फारसं साधणार नाही. मुकादमाकडून वसूल करण्याचा हक्क तुम्हाला आहे. वसूल होईल तेव्हा खरं.

खरी लढाई विमा कंपनीशी. पॉलिसीचं शेड्यूल, म्हणजे तपशिलाचं पान काढा. अशा पॉलिसीत बहुधा नावं नसतात. कामाचा प्रकार, माणसांची संख्या आणि वर्षाची एकूण मजुरी जाहीर केलेली असते. ‘उपकंत्राटदाराचे कामगार’ असा वाढीव कलमाचा हप्ता भरलेला आहे का, ते बघा. नसेल तर कंपनीची बाजू जड आहे, हे मी लपवत नाही. पण त्याची मजुरी मुकादमाने दिली की तुम्हीच त्याच्या फोनवर पाठवत होता? तुम्हीच पाठवत असाल तर तो थेट तुमचाच कामगार, असं म्हणायला जागा आहे. बँकेचे उतारे आणि मुकादमाची हजेरी डायरी आजच ताब्यात घ्या. तिच्यात आता एकही नाव घुसडू नका. मागाहून भरलेली हजेरी उलटतपासणीत पहिल्या पाच मिनिटांत उघडी पडते.

कंपनीला अपघाताची लेखी खबर दिली नसेल तर आजच द्या, नकारही लेखी मागा. दावा दाखल झाला की तिला पक्षकार करायला लावा. मात्र कंपनी हरली तरी दंड तुमच्याच खिशातून जाईल, आणि पॉलिसीत व्याज वगळलेलं असेल तर तेही. म्हणून निकालाची वाट न पाहता जमेल तेवढी रक्कम आयुक्तांकडे भरा. भरलेल्या रकमेवरचं व्याज तिथेच थांबतं.