शाळेला कळवू का? आमचा अनुभव

ताई, तुमची पोस्ट वाचली. सोळा वर्षांच्या भाच्याने मित्रांबरोबर कोणाची तरी स्कूटर उचलून फिरवली, पोलिसांनी धरलं, आणि आता शाळेला सांगावं का म्हणून विचारताय. माझ्या धाकट्या भावाच्या पोराचं जवळपास हेच झालं होतं (तालुका सांगत नाही, गोवा केवढासा, लगेच कळतं). मी वकील नाही हां, जे बघितलं तेवढंच लिहितोय.

२४ तासांत बोर्डासमोर (म्हणजे बाल न्याय मंडळ, अल्पवयीन पोरांची प्रकरणं बघतं ते) हजर करायचं, लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, हे तुम्हाला आतापर्यंत कळलंच असेल. मेरशीला अपना घरात (अशा पोरांना ठेवायचं सरकारी गृह) ठेवतील म्हणून घाबरलाय ते कळतंय, पण ज्युवेनाइल जस्टिस कायद्याच्या कलम १२ प्रमाणे जामीन हा नियम आहे आणि नाकारणं हा अपवाद. वकील परवडत नसेल तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो.

आमची वाट लागली ती शाळेत. एका ऑफिसने (नाव घेत नाही, अजून कामं आहेत तिथे) ‘समन्वयासाठी’ म्हणून शाळेला सरळ पत्र धाडलं, पोराच्या नावासकट, काय केलं त्यासकट. शिपायापासून स्टाफरूमपर्यंत सगळ्यांना ठाऊक, मग बालरथातली (शाळेच्या बसमधली) पोरं त्याला चोर म्हणायला लागली, आणि हेडमास्तरांनी भावाला बोलावून अगदी गोड आवाजात दाखला घेऊन जा म्हणून सुचवलं. दहावीचं वर्ष गेलं ना! त्याच कायद्याचं कलम ७४ मुलाचं नाव, पत्ता, शाळा उघड करायला मनाई करतं, गोपनीयता हे तर कायद्याचं मूळ तत्त्वच, पण हे त्या ऑफिसला सांगणार कोण?

आणि जिथे एकमेकांशी बोलायला हवं तिथे मात्र सगळे गप्प. पोलीस म्हणायचे आमचा रिपोर्ट गेला, प्रोबेशन ऑफिसर म्हणायचे आमच्याकडे आलाच नाही, आणि झेरॉक्स घेऊन कदंबच्या सरकारी बसने पणजीला फेऱ्या मारणार कोण तर भाऊ. २०२१ च्या दुरुस्तीनंतर जिल्हा बाल संरक्षण कक्ष जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली आलाय, कागदावर छानच आहे. माझं मत विचाराल तर हॉलमध्ये जनजागृती करून, शपथा देऊन, फोटो काढून गुन्हे थांबत नाहीत, पहिल्यांदा चुकलेला पोरगा वर्गात टिकला तर पुढचं बरंच टळतं. कोणाला पटणार नाही, असो.

म्हणून तुम्ही स्वतःहून शाळेला लेखी काही देऊ नका. बोर्डाला अर्ज करा की शाळेशी पत्रव्यवहार लागलाच तर बंद पाकिटात आणि प्रकरणाचा तपशील न लिहिता व्हावा, ऐकतील की नाही ते बोर्डावर आहे. प्रत्येक अर्जाच्या कॉपीवर इनवर्डचा शिक्का घ्या, नाहीतर उद्या ‘आलाच नाही’ म्हणतील. शाळेने दाखल्याचा दबाव टाकला तर आरटीईवर (शिक्षण हक्क कायद्यावर) विसंबू नका, ते आठवीपर्यंतच आहे, राज्य बाल हक्क आयोगाकडे लेखी तक्रार करा. आणि पुढे नोकरीचं काय म्हणून वहिनी रडत असतील तर त्यांना कलम २४ वाचून दाखवा, अशा प्रकरणामुळे पोराला पुढे अपात्र ठरवता येत नाही (सोळा पूर्ण झालेल्यावर प्रौढ म्हणून खटला चालला तर वेगळं, पण ते फक्त फार गंभीर गुन्ह्यांत, स्कूटरच्या चोरीत नाही).

पोलिसांनी डायरीत नोंद केलीय की एफआयआर, ते मात्र लिहा इथे, कारण सोबतचा एखादा मित्र अठराच्या वरचा निघाला तर एफआयआर होतो आणि मग सल्ला थोडा बदलेल.