रेडिओ बोलतो पण अलार्म वाजत नाही? आधी काउंटीचा कोड तपासा

तुमची पोस्ट वाचली आणि माझं टेक्सासमधल्या फ्रिस्कोतलं पहिलं वर्ष आठवलं. तुम्ही लिहिलंय की वेदर रेडिओवर, म्हणजे हवामानाची माहिती आणि इशारे देणाऱ्या घरच्या रेडिओवर, दिवसभर आवाज स्वच्छ येतो, पण टोर्नेडो वॉर्निंगच्या रात्री तो गप्प राहिला. माझंही अगदी हेच झालं होतं.

वॉच (वादळाची शक्यता) आणि वॉर्निंग (वादळ दिसलंय किंवा रडारवर आलंय) यांतला फरक तुम्हाला माहीत असणारच, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. आवाज स्वच्छ येतो याचा अर्थ एवढाच की १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झमधल्या सात चॅनेलांपैकी एक तुम्हाला नीट लागलंय. अलार्म वाजतो तो SAME (सेम) कोडवर, म्हणजे वॉर्निंग कोणत्या भागासाठी आहे हे सांगणाऱ्या कोडवर. वॉर्निंगच्या आधी तीनदा फॅक्ससारखी खरखर ऐकू येते ना, तिच्यात काउंटीचे (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) सहा आकडी कोड असतात. आवाज बंद ठेवलेला असला तरी रेडिओ ते वाचत असतो. तुम्ही भरलेला कोड त्यात सापडला तरच तो किंचाळतो.

माझी चूक तिथेच झाली. फ्रिस्को दोन काउंट्यांत विभागलंय, पूर्वेला कॉलिन आणि पश्चिमेला डेंटन. भाड्याच्या घराच्या ऑफिसात विचारलं, तर मान वर न करता उत्तर मिळालं, "कॉलिन. आणि रेडिओ कशाला, सायरन आहे की." मी ०४८०८५ भरून मोकळा झालो. घर होतं डेंटनमध्ये, म्हणजे हवा होता ०४८१२१. कळलं कधी, तर शेजाऱ्यांनी मध्यरात्री दार बडवलं तेव्हा. मुलीला उचलून बाथरूममध्ये नेताना टेबलावरच्या रेडिओचा हिरवा दिवा शांतपणे जळत होता. त्या ऑफिसचा राग अजून गेलेला नाही. माहीत नव्हतं तर तसं सांगायचं! आणि सायरन हा घराबाहेरच्या लोकांसाठी असतो. बंद खिडक्या, चालू एसी, त्यात झोपलेल्या माणसाला तो ऐकू येईल असं धरून चालू नका.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे साप्ताहिक टेस्ट. ती बहुधा बुधवारी येते आणि तुमचं चॅनेल ज्या ट्रान्समीटरवरून येतं त्याच्या सगळ्या काउंट्यांना एकदम जाते. त्यामुळे चुकीचा कोड असूनही माझ्याकडे ती दर आठवड्याला बिनचूक यायची, आणि मी निर्धास्त होतो.

मी हवामान खात्यातला नाही, हा फक्त घरचा अनुभव आहे. तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल एकदा बघाच. पण माझं स्पष्ट मत, काउंटी कोणालाही विचारू नका. अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या (करासाठी घरांची किंमत ठरवणाऱ्या काउंटीच्या कार्यालयाच्या) साइटवर पत्ता टाकून बघा. चॅनेलही नुसतं जोरात ऐकू येतं म्हणून निवडू नका. ते तुमच्या काउंटीची वॉर्निंग देतं का, हे वेदर सर्व्हिसच्या यादीत पाहा. इकडची वादळं बहुतेक पश्चिमेकडून येतात, म्हणून मी पश्चिमेच्या शेजारच्या काउंटीचा कोडही ठेवतो. घरचे वैतागतात, रात्री उगाच उठावं लागतं म्हणून, तरी मी तो काढत नाही.

आणि हो, आतले सेल बदलून घ्या. वीज नेमकी वादळातच जाते.