काना ऐकू येतो, ‘स’ नाही

मागच्या अंकात बाबांच्या बहिरेपणावरच्या माझ्या कॉमिकची चार पानं छापून आली आणि वाचकांची पत्रं आली. एका पत्रात फक्त ‘छपाईत अक्षरं उडाली आहेत, प्रेसला कळवा’ एवढंच होतं. ते पत्र मी जपून ठेवलंय, त्याच्याकडे पुढे येतेच. बाकीच्यांतले काही प्रश्न निवडले आहेत.

ताई, तुम्ही चित्रकलेचं शिक्षण कुठं घेतलंत? रेषा फार स्थिर आहे. (एक निवृत्त शिक्षक)

कुठंच नाही. मी नऊ वर्षं यंत्रांच्या नकाशांची ट्रेसर होते. इंजिनिअर पेन्सिलीनं काढून द्यायचे, मी त्यावर ट्रेसिंग पेपर ताणून शाईनं गिरवायची. पेनं ठरलेली, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ मिलिमीटर. प्रत्येक आधीच्याच्या साधारण १.४ पट जाड. बाहेरची कड जाड, मापाची रेषा बारीक, मध्यरेषा एक लांब तुकडा आणि एक ठिपका अशी. जी कड पलीकडे आहे पण समोरून दिसत नाही, ती तुटक. तिथं शाबासकी एकाच गोष्टीची मिळायची, आपली रेषा शेजारच्या टेबलावरच्या रेषेसारखी दिसली तर. म्हणजे हात कुणाचा ते ओळखूच येता कामा नये.

पुढे कॉमिक काढायला लागले तेव्हा कळलं, की पात्राचं बोलणं ज्यात लिहितात तो फुगा तुटक रेषेनं काढला तर ती कुजबुज. हे काही मला वेगळं शिकावं लागलं नाही. आहे, पण समोर नाही, हा अर्थ नऊ वर्षं हातात होताच.

स्थिर रेषेचं कौतुक केलंत, आभार. पण खरं सांगायचं तर तिच्यापासून सुटायला मला जास्त वेळ लागला. पहिल्या दोन वर्षांतली माझी माणसं पंपाच्या सुट्या भागांसारखी दिसतात.

प्रेरणा कोणाकडून घेतली? नावं सांगा, ‘आयुष्याकडून’ असं नको. (वाचक)

चार्ल्स शुल्झ. ‘पीनट्स’ ही वर्तमानपत्रातली चित्रपट्टी त्यांनी १९५० पासून जवळपास पन्नास वर्षं काढली, हाताखाली कुणी नाही, फुग्यातली अक्षरंसुद्धा स्वतःची. १९८१ साली हृदयाची शस्त्रक्रिया झाली आणि नंतर त्यांच्या हाताला कंप राहिला. उत्तरायुष्यातल्या पट्ट्या जवळून पाहा, डोक्याचा गोल थरथरतो, गवत थरथरतं. शेवटची रविवारची पट्टी १३ फेब्रुवारी २००० रोजी छापून आली आणि ते आदल्याच रात्री गेले. आमच्या ऑफिसात अशी रेषा ब्लेडनं खरवडून पुन्हा काढायला लावली असती. मी मात्र त्या थरथरत्या गवतावरून किती वेळ नजर हलवली नव्हती.

दुसरे जॉर्ज हेरिमन. त्यांच्या ‘क्रेझी कॅट’ या चित्रपट्टीत (१९१३ ते १९४४) दोन पात्रं एका जागी उभी राहून बोलत असतात आणि मागचा देखावा मात्र प्रत्येक चौकटीत बदलतो. डोंगर होता तिथं झाड, झाडाच्या जागी भिंत. पात्रांना त्याचं काहीच नाही. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ती चूक वाटली. ट्रेसरच ना!

बाबांच्या बहिरेपणावरचं कॉमिक सुचलं कसं? आणि ती अर्धवट अक्षरं? (बऱ्याच जणांचा प्रश्न)

बाबांचं ऐकणं त्रेसष्टाव्या वर्षी उतरायला लागलं. आधी आम्हाला वाटलं लक्ष देत नाहीत. मग तपासणी झाली आणि ऑडिओग्रामचा, म्हणजे ऐकण्याच्या आलेखाचा कागद घरी आला. आलेख वाचायची मला सवय. डावीकडे खालचे स्वर, उजवीकडे उंच स्वर, आणि रेष डावीकडे बरी असून उजवीकडे घसरगुंडीसारखी खाली गेलेली. तपासणाऱ्या बाईंनी सांगितलं, वयानं जाणारं ऐकणं बहुधा उंच स्वरांकडून जातं. स, श, फ, थ या फुसफुसणाऱ्या आवाजांची ताकद तिथंच असते आणि ती आधीच कमी. आ, ऊ, ओ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि दणदणीत, ते टिकतात. म्हणून बाबा म्हणायचे, ‘आवाज येतो, शब्द येत नाही.’ आम्हाला ती सबब वाटायची.

त्यानंतर दोनच दिवसांनी आईनं फोनवर कुणाबद्दल तरी म्हटलं, ‘अहो, ती नुसती थाप आहे.’ बाबांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. ‘साप? कुठंय?’

आई हसली, मीही हसले. मग मी आत जाऊन कागदावर ‘थाप’ लिहिलं आणि त्यातला ‘थ’ खोडला. उरलं काय? शिरोरेषा, तिच्याखाली मोकळी जागा, मग काना, आणि ‘प’. आता त्या जागेत साप बसतो, शाप बसतो, थापही बसते. ‘सासू’ लिहून पाहिलं तर शिरोरेषेला लटकलेला एक काना आणि खाली एक उकार, बाकी काही नाही. आपल्या लिपीत स्वराची खूण व्यंजनाला जोडलेली असते, त्यामुळे व्यंजन काढून घेतलं तरी काना, मात्रा, उकार जागच्या जागी राहतात. बाबांना जे ऐकू येत होतं ते हुबेहूब कागदावर होतं. मला काही शोधावं लागलं नाही, फक्त चार अक्षरं पुसावी लागली.

त्या रात्री झोप लागली नाही. शिरोरेषा सलग ठेवायची की अक्षर गेलं तिथं तोडायची, एवढ्या एका गोष्टीवर मी पुढे तीन आठवडे घालवले. तोडली तर वाचणाऱ्याला छपाईची चूक वाटते. सलग ठेवली तर त्याला कळतं, इथं काहीतरी होतं. सलग ठेवली. तरीही ‘प्रेसला कळवा’ असं पत्र आलंच, आणि मला त्याचा आनंद झाला, कारण त्या वाचकानं बरोबर तेच केलं जे आम्ही बाबांशी करत होतो. दोष यंत्रात शोधला.

अक्षरं मी हातानंच लिहिते. आधी मजकूर लिहायचा, मग त्याच्याभोवती फुगा काढायचा. उलटं केलं की वेलांट्या फुग्याच्या कडेला टेकतात आणि खालच्या ओळीचे रफार वरच्या उकारांत अडकतात. नवीन मंडळी हमखास इथं फसतात.

असंच काही परदेशात आधी झालं आहे असं ऐकलं. राग मानू नका. (वाचक)

राग कसला. सेसी बेल यांचं ‘एल डेफो’ हे कॉमिक पुस्तक, २०१४ सालचं. त्यांनी स्वतःच्या लहानपणच्या बहिरेपणावर काढलंय, पात्रं सगळी सशांच्या रूपात. त्यात श्रवणयंत्राची बॅटरी संपत येते तशी फुग्यातली अक्षरं फिकट होत जातात आणि शेवटी फुगा कोरा राहतो. त्याला २०१५ साली न्यूबेरी ऑनर हा अमेरिकेतला बालसाहित्याचा सन्मान मिळाला.

माझी बावीस पानं शाईत झाली होती तेव्हा ते पुस्तक मैत्रिणीनं हातात ठेवलं. चांगल्या मनानं. मी महिनाभर पेन धरलं नाही. पानं माळ्यावर टाकली. मग एकदा बाबांनी ‘शाल’ला ‘साल’ ऐकलं आणि माझ्या लक्षात आलं, तिथं आवाजच मंद होतो, इथं आवाज पुरेसा आहे पण त्याला भोकं पडली आहेत. दुखणं वेगळं, म्हणून चित्र वेगळं. बावीसपैकी सहा पानं मात्र मी फाडली, कारण त्यांत मीही अक्षरं फिकी करून वेळ मारून नेली होती.

माझं पात्र प्रत्येक चौकटीत वेगळंच दिसतं. माझी चित्रं चांगली नाहीत. मी कॉमिक करू का? (इयत्ता आठवी)

कर. तुला एका मास्तरांची गोष्ट सांगते. जिनिव्हाचे रोडोल्फ टॉपफर. त्यांना चित्रकार व्हायचं होतं, पण डोळे अधू, म्हणून शिक्षक झाले. विद्यार्थ्यांच्या करमणुकीसाठी ते चौकटींत चित्रं काढून खाली मजकूर लिहायचे. रेघोट्याच, पण त्या वह्या जर्मन कवी, म्हाताऱ्या गटेपर्यंत पोचल्या आणि त्याला आवडल्या. मग १८३३ पासून टॉपफरनी त्या छापायला घेतल्या. शिळाप्रेसवर एरवी सगळं उलटं काढावं लागतं. त्यांनी कागदावर सरळ लिहून ते शिळेवर उतरवायची पद्धत वापरली, त्यामुळे चित्र आणि अक्षर एकाच हाताचं, एकाच पेनाचं राहिलं. आज कॉमिकचा इतिहास सांगणारे बरेच जण सुरुवात त्यांच्यापासून करतात.

आता तुझ्या पात्राचं. चेहरा सोड, त्याला लांबून ओळखता येईल अशी एकच गोष्ट दे. वर आलेले केस, फार लांब मफलर, काहीही. आख्खी आकृती काळी भरून बघ. तरी ओळखू आली तर नाकाडोळ्यांचं फारसं कुणी मनावर घेत नाही. आणि कॉम्प्युटरवर काढावं की कागदावर असंही विचारलं आहेस. जे हाताशी असेल त्यावर.

नोकरी सांभाळून जमतं? (वाचक)

जमतं, सावकाश. पंधरवड्याला एक पान, ९६ पानं, जवळपास चार वर्षं. अमेरिकेतले कॉमिकलेखक हार्वी पीकर क्लीव्हलंडच्या सरकारी रुग्णालयात फाइल क्लार्क होते. १९७६ पासून ‘अमेरिकन स्प्लेंडर’ हे आपलं कॉमिक स्वतः छापत राहिले आणि नोकरी निवृत्तीपर्यंत सोडली नाही. चित्रंही त्यांची नव्हती, काड्यांची माणसं काढून ते चित्रकारांना द्यायचे. त्यांच्या गोष्टींत ऑफिसच ऑफिस आहे. मला ते फार धीर देणारं वाटतं, कुणाला कंटाळवाणं वाटेल.

पुस्तक छापताना काय चुकलं, तेही लिहा. (वाचक)

माझंच चुकलं. कॉमिकमध्ये पान उलटण्याला फार किंमत. उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत दार वाजतं, पान उलटलं की डावीकडे दारात कोण ते दिसतं. हे सगळं मी मोजून बसवलं होतं. मधे पिन मारायच्या पुस्तकाची पानं चारच्या पटीत लागतात, म्हणून शेवटचं एक पान कोरं ठेवलं होतं. फाइल द्यायच्या आदल्या रात्री वाटलं, आईबाबांना अर्पणपत्रिका हवी. सुरुवातीला एक पान घातलं, शेवटचं कोरं काढलं, आकडा ९६ चा ९६. आणि आतलं प्रत्येक पान एकानं सरकलं. दार वाजतं डावीकडे आणि माणूस शेजारीच उजवीकडे उभा! आख्ख्या पुस्तकात एकही धक्का धक्का राहिला नाही. पहिली आवृत्ती ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती तशीच वाचली, कुणी तक्रार केली नाही, हे आणखी लागलं.

बाबा वाचून काय म्हणाले? (तीन पत्रांत हाच प्रश्न)

म्हणाले काही नाही. पेन्सिल मागितली. शब्दकोडं सोडवावं तसे दोन दिवस बसून त्यांनी रिकाम्या जागा भरल्या. बऱ्याच बरोबर, काही भलत्याच. एका चौकटीत आई हात कमरेवर ठेवून त्यांना विचारते, ‘शिरलं का?’ म्हणजे डोक्यात शिरलं का. त्यातला ‘श’ अर्थातच नाही. बाबांनी तिथं ‘फ’ भरला होता. फिरलं का?

मी आईला विचारलं, तू नक्की काय म्हणाली होतीस?

‘रोजचंच आहे ते,’ आई म्हणाली, ‘त्या दिवशीचं कुठलं, कसं सांगू?’

दुसऱ्या आवृत्तीत अर्पणपत्रिका शेवटच्या पानावर नेली. ती चौकट आहे तशीच ठेवली.