पंचविशीची मुदत मागे घ्या

सप्रेम नमस्कार.

तुमचं सविस्तर पत्र मिळालं. मुलगा बारावीत आहे, मार्क बेताचे आहेत. वर्षभर तो संध्याकाळी एका दगडकामाच्या कार्यशाळेत जातो आणि परीक्षा संपली की तिथेच पूर्णवेळ शिकायचं म्हणतो. शिल्पकलेला विरोध नाही, हे तुम्ही आवर्जून लिहिलंत. 'शिल्पकार होत असेल तर होऊ दे, पण दुसऱ्याच्या हाताखाली दगड फोडत बसणं आमच्या घरात चालणार नाही.' वर अट अशी, की पंचविसाव्या वर्षापर्यंत नाव आणि स्वतःचं प्रदर्शन झालं पाहिजे, नाहीतर मुकाट्याने तुमच्या धंद्यात यायचं. आता या विषयावर बापलेकात बोलणंही आईमार्फतच होतं.

मार्कांची मला अजिबात काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती या अटीची. तुम्हाला ती उदार वाटते, एवढी वर्षं दिली की, आणखी काय हवं? पण दगडकामात सुरुवातीची वर्षं जे शिकण्यात जातात ते प्रदर्शनात मांडता येत नाही. टाकीचा, म्हणजे दगड घडवायच्या छिन्नीचा, कोनच घ्या. संगमरवरावर टाकी सरळ उभी धरून जोराचा घाव घातला, की दगड आतून चेचला जातो. त्या वेळी काहीच कळत नाही. सगळं घडवून, घासून, पॉलिश झाल्यावर नेमका गालावर पांढरट डाग उमटतो, आणि तो घालवायचा तर तेवढा थर उतरवावा लागतो. नवखा मुलगा असे डाग पाडत पाडतच कोन शिकतो. दगड घेताना हातोडीने हलकेच ठोकून ऐकायचं असतं: निकोप दगड खणखणतो, आत चीर असेल तर बद्द वाजतो. वाळूच्या दगडाचे थर कुठल्या अंगाने आहेत ते ओळखावं लागतं, कारण चुकीच्या अंगाने बसवलेल्या दगडाचे पुढे पापुद्रे सुटतात. कान आणि मनगट तयार व्हायला वेळ लागतो.

ज्याच्या डोक्यावर मुदतीची टांगती तलवार आहे तो मुलगा हे सगळं टाळेल. मातीत काहीतरी चटकन उभं करेल, फायबरमध्ये ओतून घेईल, पंचविशीच्या आत प्रदर्शन भरवेल, आणि दगड त्याला कधीच येणार नाही. त्याने वेळ वाया घालवू नये म्हणून तुम्ही मुदत घातलीत, पण ती त्याला थातुरमातुर काम शिकवेल.

आता तुमचा एक समज. कलावंत तो जो कल्पना करतो, आणि हाताखाली दगड घडवणारा नुसता मजूर, असं तुमचं पत्र धरून चालतं. फ्रेंच शिल्पकार ऑग्युस्त रोदँ यांच्या नावाने जगभर पाहिली जाणारी संगमरवरी शिल्पं बहुतांशी त्यांच्या कार्यशाळेतल्या दगड घडवणाऱ्यांनी कोरलेली आहेत. रोदँ मातीत घडवत, त्याची प्लास्टरमध्ये प्रत निघे आणि तिच्यावरून मापं घेऊन ही माणसं ते दगडात उतरवत. अशा कामासाठी 1893 पासून त्यांच्याकडे आंत्वान बूर्देल होते. पुढे ते स्वतः मोठे शिल्पकार म्हणून गाजले. आपल्या काळातलं उदाहरण हवं असेल तर एत्सुरो सोतोओ यांचं घ्या. जपानमध्ये शिल्पकलेची पदवी घेऊन हा माणूस 1978 साली बार्सिलोनाला गेला आणि साग्रादा फामिलिया चर्चच्या कामावर दगड घडवणारा म्हणून रुजू झाला. त्या चर्चच्या ख्रिस्तजन्माच्या दर्शनी भागावर आज त्यांच्या हातचे देवदूत आहेत. दुसऱ्याच्या हाताखाली काम करणं हा या क्षेत्रात कमीपणा नाही. हात तयार होतो तो तिथेच.

प्रवेशपरीक्षा, मग ललित कला महाविद्यालयात शिल्पकलेची पदवी, हा रस्ता तुम्हाला ठाऊक आहे. तो दोन वर्षांनीही खुला असेल.

पैशांबद्दल स्पष्टच सांगतो. निव्वळ स्वतःच्या मनातली शिल्पं विकून घर चालवणारे थोडे. बाकीच्यांचं घर जुन्या इमारतींची दुरुस्ती, स्मारकं, कोरीव अक्षरं, मूर्ती आणि दुसऱ्या शिल्पकारांची कामं यांवर चालतं. कामं येतात तेव्हा दोन येतात, मग काही महिने शांतता. त्यामुळे दगडासाठी आगाऊ रक्कम घेणं, टप्प्याटप्प्याने पैसे मागणं, उचलण्या-नेण्याचा खर्च कोणाचा ते आधी कागदावर ठरवणं हेही शिकावं लागतं. एक घनफूट संगमरवर जवळपास 75 किलो भरतो, तेव्हा हा खर्च किरकोळ नसतो. यंत्रांची भीती तुम्ही घातली आहे. ढोबळ कापणी आता रोबो करतात, हे खरं. पण शेवटचा हात फिरवायला दगड कळणारा माणूसच लागतो.

तुम्ही ओघात लिहिलेलं एक वाक्य मात्र मला सर्वांत जास्त खटकलं: 'रोज पांढराफटक होऊन घरी येतो, आई कपड्यांवरून ओरडते.' कपड्यांचं सोडा हो, त्याच्या फुप्फुसांचं काय? वाळूच्या दगडात आणि ग्रॅनाइटमध्ये सिलिका, म्हणजे वाळूत असतं ते खनिज, भरपूर असते. वाळूच्या दगडात तर बहुधा 70 टक्क्यांहून जास्त. संगमरवरात ती फार कमी, पण त्याची धूळही फुप्फुसात जाऊ देण्यासारखी नाही. दिसणारी धूळ बरीचशी नाकाघशात अडते, न दिसणारी खोल जाऊन बसते. त्यातून होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार बरा होत नाही, आणि तो बहुधा वर्षानुवर्षांनी समजतो. तोंडाला रुमाल बांधून काहीही होत नाही.

या आठवड्यात त्याच्याबरोबर त्या कार्यशाळेत जा. पाणी मारून कापतात का? ग्राइंडरजवळ धूळ ओढून घेणारं यंत्र आहे का? फिल्टरचा, चेहऱ्यावर घट्ट बसणारा मास्क मुलांना देतात का? दिवसअखेर कोरडा झाडू मारतात की ओलं पुसून घेतात? कामाचे कपडे तिथेच बदलायची सोय आहे का? 'आम्हाला सवय आहे' असं उत्तर आलं, तर दगड सोडवू नका, कार्यशाळा बदला.

धुळीची व्यवस्था नीट असेल तर त्याला दोन वर्षं पूर्णवेळ शिकू द्या. वर्ष झालं की शिकवणाऱ्याला एवढंच विचारा: महागाचा दगड याच्या एकट्याच्या हाती सोपवाल का? नाही म्हणाले तर काय कमी पडतं ते मुलासमोर विचारा आणि दुसरं वर्ष त्यावर जाऊ द्या. हो म्हणाले तर पदवीचं तेव्हा ठरवा. हातात कसब असलेला मुलगा महाविद्यालयात जास्त घेऊन येतो. आणि मुदत मागे घेतली हे त्याला तुम्ही स्वतः सांगा, आईकडून निरोप पाठवू नका.