सीआरसीच्या (क्लिनिकल रिसर्च को-ऑर्डिनेटर) नोकरीत दीड वर्ष झालं, स्किल्स वाढवायला क्लिनिकल रिसर्चचा पीजी डिप्लोमा करू का?

तुम्ही लिहिलंय की बी.फार्म. करून मुंबईतल्या एका हॉस्पिटलमध्ये सीआरसी आहात, म्हणजे औषधांच्या ट्रायल्सचं तिथलं रोजचं काम बघता, पुढे सीआरए (स्पॉन्सरच्या वतीने ते काम तपासणारा क्लिनिकल रिसर्च असोसिएट) व्हायचंय आणि त्यासाठी पैसे भरून डिप्लोमा करावा का. मी परळ भागात आधी को-ऑर्डिनेटर होते, आता सीआरए आहे, तर स्पष्टच सांगते, नका करू. डिप्लोमाचा उपयोग या फील्डमध्ये शिरायला होतो आणि तुम्ही शिरलेले आहात.

जीसीपीचं (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस, ट्रायल्स कशा करायच्या याचे नियम) सर्टिफिकेट ग्लोबल हेल्थ ट्रेनिंग सेंटरच्या वेबसाइटवर फुकटात होतं, ते करा. फक्त २०२५ च्या जानेवारीत आयसीएच या आंतरराष्ट्रीय संस्थेने ई६ चं, म्हणजे जीसीपीच्याच गाइडलाइनचं, आर३ व्हर्जन फायनल केलंय, ते मूळ डॉक्युमेंट स्वतः वाचा, नुसत्या स्लाइड्सवर जाऊ नका. आणि २०१९ चे न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स, म्हणजे आपले भारतातले नियम, त्यातलं तिसरं शेड्यूल तर अगदी पेन घेऊन वाचा.

पण सर्टिफिकेट सगळ्यांकडेच असतं हो. आपल्याकडे ट्रेनिंग म्हणजे काय, तर एसआयव्हीला (ट्रायल सुरू होतानाची साइट इनिशिएशन व्हिजिट) भराभर स्लाइड्स, मग जेवण, मग ट्रेनिंग लॉगवर सह्या, सिस्टर अर्ध्यातून वॉर्डात गेल्या असल्या तरी त्यांचीही सही. मला याचा मनापासून राग येतो, कारण याची किंमत पेशंट मोजतो.

माझं पहिलं म्हणणं, कन्सेंट (ट्रायलमध्ये यायला पेशंटची समजून दिलेली संमती) घ्यायला शिका. पहाटेची कर्जत लोकल पकडून आलेले काका, बाहेर ओपीडीची गर्दी, समोर वीस-पंचवीस पानांचा आयसीएफ (संमतीचा फॉर्म), आणि ते म्हणतात "मॅडम, डॉक्टर म्हणतील तिथे सही करतो". बरेच जण इथे सहीची जागा दाखवतात. तुम्ही थांबा आणि विचारा, "काका, घरी गेल्यावर काकूंना काय सांगाल, आज इथे काय ठरलं?" बऱ्याचदा उत्तर येतं, "नवीन भारी औषध मिळणारे, फुकट". म्हणजे कुठल्या ग्रुपमध्ये जाणार ते कॉम्प्युटर ठरवतो, डॉक्टर नाही, हे औषध लागू पडतं का तेच आपण अजून तपासतोय, आणि मधेच नको म्हणालात तरी नेहमीचे उपचार बंद होणार नाहीत, यातलं काहीच पोचलेलं नाही. मग परत सांगायचं, आज नको वाटलं तर फॉर्म घरी न्यायला द्यायचा, एनरोलमेंटचं (पेशंट ट्रायलमध्ये घ्यायचं) टार्गेट राहू दे बाजूला. काकांना वाचता येत नसेल तर साक्षीदार ट्रायलशी संबंध नसलेला हवा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत बसलेला हवा, अंगठ्यापुरता बोलावलेला वॉर्डबॉय चालत नाही. आणि हे सगळं बोलणं सोर्समध्ये (पेशंटच्या मूळ नोंदींत) त्याच दिवशी, वेळेसकट लिहायचं, कारण स्क्रीनिंगचं ब्लड सव्वादहाचं आणि सही पावणेअकराची निघाली की डेव्हिएशन (नियम मोडल्याची नोंद) लागलंच.

दुसरं म्हणजे एसएई (सीरियस ॲडव्हर्स इव्हेंट, म्हणजे ॲडमिट व्हावं लागण्यासारखा गंभीर त्रास). पेशंट गणपतीला गावी गेला, रत्नागिरीत ॲडमिट झाला आणि आपल्याला कळतं पुढच्या व्हिजिटला! रूल्सप्रमाणे इन्व्हेस्टिगेटरने (ट्रायल करणाऱ्या डॉक्टरने) २४ तासांत सीडीएससीओ (केंद्राची औषध नियंत्रण संस्था), स्पॉन्सर (ट्रायल करून घेणारी कंपनी) आणि एथिक्स कमिटीला कळवायचं असतं, उशीर झाला तर कारण द्यावं लागतं. त्यामुळे घरच्या एकाचा नंबर पहिल्याच दिवशी घ्या, आणि ॲडमिट व्हायची वेळ आली तर आधी कोणाला फोन करायचा ते त्या माणसाला समजावून ठेवा. हे कुठल्याच कोर्सात शिकवत नाहीत.

एसीआरपी या संस्थेचं सीसीआरसी (को-ऑर्डिनेटरसाठीचं सर्टिफिकेशन) वगैरे नंतर बघा, त्याला साधारण ३,००० तासांचा अनुभव लागतो, तुमचा बहुतेक झालाच असेल, पण फी भरायच्या आधी मागच्या काही मॉनिटरिंग व्हिजिट्सची (सीआरए तपासायला येतो त्या) फॉलो-अप लेटर्स काढा. कुठली क्वेरी पुन्हा पुन्हा येतेय ते बघा आणि त्याच विषयावर ट्रेनिंग द्या म्हणून तुमच्या पीआयकडे (ट्रायलचे मुख्य डॉक्टर) आणि सीआरएकडे मागा. मी सीआरए आहे म्हणून सांगते, असं मागणारा को-ऑर्डिनेटर आमच्या चांगला लक्षात राहतो, आणि टीममध्ये जागा निघाली की त्याचंच नाव पहिलं सुचवलं जातं.