केमिस्ट्रीवालीने बायोलॉजीत जावं का?

प्रश्न : ताई, मी बडोद्यात बीएससी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला मॉलिक्युलर बायोलॉजीत रिसर्च करायचाय, पण घरी म्हणतात विषय बदलू नकोस, एमएससी केमिस्ट्री कर, पादऱ्याला नाहीतर हलोलला फार्मात क्यूसीत (औषधांची क्वालिटी तपासणाऱ्या विभागात) लागशील. मामा म्हणतो पीएचडीत तिशी उलटेल. काय करू?
– एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : विषय बदलायला घरचे उगाच घाबरतायत गं. वेंकी रामकृष्णन आपल्याच एमएस युनिव्हर्सिटीतून १९७१ला फिजिक्समधे बीएससी झाले, वडील इथेच बायोकेमिस्ट्रीचे हेड, तरी पठ्ठ्याने अमेरिकेत पीएचडीसुद्धा फिजिक्समधेच केली आणि ती झाल्यावर सॅन दिएगोला परत विद्यार्थी होऊन बायोलॉजी शिकायला बसले, २००९चं नोबेल मिळालं ते रायबोसोमच्या (पेशीतलं प्रोटीन बनवणारं यंत्रच म्हण) रचनेवर, आणि तेही केमिस्ट्रीचं! नोबेल काय सगळ्यांना मिळतं का, असं मामा म्हणेलच, म्हणू दे. बफर, पीएच, मोलॅरिटी तुझ्या हातातलं आहे, जेनेटिक्स आणि सेल बायोलॉजी मात्र बसून वाचावं लागेल.

जॅम (एमएससीची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा) दे, त्यावर बंगळुरूच्या आयआयएस्सीच्या इंटिग्रेटेड पीएचडीला (एमएससी आणि पीएचडी एकत्र) अर्ज करता येतो. बायोटेकच्या एमएससीसाठी गॅट-बी ही वेगळी प्रवेश परीक्षा असते. पात्रता जागोजागी वेगळी, स्वतः वाच, मैत्रिणीच्या भरवशावर राहू नकोस.

पैशाचं म्हणशील तर सीएसआयआर नेट या परीक्षेतून जेआरएफ (रिसर्च करणाऱ्यांची सरकारी फेलोशिप) मिळाली की पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि मग ४२,०००, वर घरभाडं, क्यूसीत नव्या पोरांना सहसा एवढं मिळत नाही. पण फेलोशिप बरेचदा उशिरा जमा होते, पीएचडीला पाच-सहा वर्षं सहज जातात, त्यानंतर पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं तात्पुरतं रिसर्चचं काम) आणि पर्मनंट जागा मोजक्याच, तेव्हा मामा अगदीच चुकीचं बोलत नाहीये.

म्हणून आधी कुठल्यातरी लॅबमधे काही महिने काम करून बघ, सरांना मेल कर, उत्तर नाही आलं तर सरळ जाऊन भेट. सकाळी पीसीआर लावायचा (डीएनएच्या तुकड्याच्या भरपूर कॉप्या काढायच्या), दुपारी अगारोज उकळून जेल ओतायचं, सॅम्पल भरून करंट द्यायचा म्हणजे डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होतात, आणि संध्याकाळी यूव्हीखाली बघावं तर लॅडर (मापासाठी शेजारी लावलेला तयार डीएनए) तेवढा छान दिसतोय, तुझा बँड, म्हणजे तुझ्या डीएनएची पट्टी, गायब. प्रायमर (कॉपी जिथून सुरू होते तो डीएनएचा छोटा तुकडा) खराब, टेंपरेचर चुकलं का डीएनएच नव्हता, हे शोधायला आठवडा जातो. अशा वेळी दुसऱ्या दिवशी लवकर जावंसं वाटलं तर खुशाल पीएचडीला जा, आणि कंटाळा आला तर क्यूसीची नोकरी काही वाईट नाही, तिथे संध्याकाळी घरी तरी येता येतं.

आणि संस्थेच्या नावापेक्षा गाईड बघ (हे कोणी सांगत नाही). त्यांच्याकडून पीएचडी झालेल्या दोघातिघांना फोन कर, किती वर्षं लागली, पेपरवर पहिलं नाव कोणाचं लागलं, सुट्टी मागितली की सर काय म्हणायचे, हे विचार. शेवटच्या प्रश्नाला लोक जरा थांबून उत्तर देतात, ते नीट ऐक.