रेशनकार्ड गावी, बिऱ्हाड कुपवाडला

प्रश्न : आम्ही जत तालुक्यातून कामासाठी कुपवाडला राहायला आलो आहोत. रेशनकार्ड गावी सासूबाईंच्या नावावर आहे. मला पाचवा महिना चालू आहे. येथे धान्य व पोषण आहार मिळेल का? एका दुकानदाराने महागडी प्रोटीन पावडर सुचवली आहे. आहाराचा सल्ला नेमका कोणाकडे घ्यावा?
– एक वाचक भगिनी, कुपवाड

उत्तर : रेशनकार्डाच्या खटपटीआधी आपण राहत्या भागातील अंगणवाडीत नाव नोंदवावे, कारण गरोदर स्त्रीला तेथे मिळणाऱ्या आहारासाठी रेशनकार्डाची किंवा उत्पन्नाची अट नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने गरोदरपणात व बाळंतपणानंतर सहा महिने हा आहार विनामूल्य देण्याची तरतूद केली असून, दिवसाला ६०० कॅलरी व १८ ते २० ग्रॅम प्रथिने हे त्याचे प्रमाण ठरवून दिले आहे. तो शिधा घरातल्या सर्वांच्या पानात वाटला जातो, ही नेहमीची गोष्ट. तो आपल्यासाठी आहे, हे घरी स्पष्ट सांगावे.

धान्याचे म्हणाल, तर कार्ड अन्न सुरक्षा योजनेतले असेल आणि त्यावर आपले नाव आधारशी जोडलेले असेल, तर कुपवाडच्या रास्तभाव दुकानातही अंगठा लावून धान्य उचलता येते. प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते. आपण आपल्या वाट्यापुरते येथे घ्यावे, उरलेले सासूबाईंना गावी घेता येईल. नाव कार्डावर चढलेलेच नसेल, तर जतच्या तहसील कार्यालयातील पुरवठा शाखेत अर्ज करावा लागेल.

सल्ल्यासाठी मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालय आपल्याला जवळ आहे. शिवाय दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांत डॉक्टरांकडून विनामूल्य तपासणी होते. चौथ्या महिन्यापासून पुढच्या स्त्रियांसाठीच ती आहे. हिमोग्लोबिन पाहून घ्यावे आणि २४ ते २८ आठवड्यांदरम्यान ग्लुकोज पिऊन केली जाणारी साखरेची तपासणी चुकवू नये, कारण साखर वाढलेली आढळल्यास आहार वेगळा आखावा लागतो आणि ते काम आहारतज्ज्ञाचेच आहे. खासगी आहारतज्ज्ञाकडे जायचे झाल्यास आहारशास्त्रातील पदवी विचारावी. चार आठवड्यांच्या शिबिराचे प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे.

पावडर विकणारा तिची गरज नाही असे सहसा सांगणार नाही, म्हणून डॉक्टरांनी लिहून दिल्याखेरीज ती घेऊ नये. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाणे, दूध आणि खात असाल तर अंडी, यांवर तेच पैसे खर्च करावेत. लोहाच्या गोळीबरोबर चहा मात्र टाळावा.